आठवड्याला १९ पानं: मांगाकारांच्या आयुष्यावरच्या मांगा कशा वाचाव्यात

‘या आठवड्यात नवा भाग नाही. लेखकाची प्रकृती बरी नाही.’ जपानी चित्रकथा म्हणजे मांगा वाचणाऱ्या आणि जपानी अॅनिमेशन म्हणजे अॅनिमे बघणाऱ्या मुलांना ही सूचना आता तोंडपाठ झाली आहे. २०२१ च्या जूनमध्ये ‘जुजुत्सु काइसेन’ ही मांगा याच कारणाने काही आठवडे थांबली. ‘हंटर हंटर’ तर २०१८ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत बंदच होती. कंबरेच्या दुखण्यामुळे खुर्चीत बसणंच अशक्य झालं होतं, असं तिचे निर्माते योशिहिरो तोगाशी यांनी स्वतः सांगितलं. घरातल्या मोठ्यांना मात्र हे कोडंच वाटतं. काम काय, तर कागदावर चित्रं काढायची. त्यात माणूस अंथरुणाला खिळण्याइतका कसा खचतो?

याचं सर्वांत नेमकं उत्तर मांगाकारांनीच देऊन ठेवलंय, तेही मांगामधूनच. मांगा काढणाऱ्यांच्या आयुष्यावरच्या मांगांची जपानमध्ये पन्नासहून अधिक वर्षांची परंपरा आहे. त्यातली जागरणं, अचानक बंद पडणाऱ्या मालिका, एकमेकांपासून दुरावणारे मित्र हे सगळं नवख्या वाचकाला ओढूनताणून आणलेलं वाटतं. पण पानाचा आकार, हातातले दिवस आणि पैशांचा हिशेब एकदा कळला की यातलं बरंचसं अटळ होतं हे लक्षात येतं.

आधी काही शब्द

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. ती उजवीकडून डावीकडे वाचायची, बहुतेक कृष्णधवल असते, आधी साप्ताहिकात किंवा मासिकात क्रमशः येते आणि मग पुस्तकरूपाने निघते. ती काढणाऱ्याला जपानीत ‘मांगाका’ म्हणतात, इथे आपण मांगाकार म्हणू.

‘नेम’ हा या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द. नेम म्हणजे कच्चा आराखडा. साध्या कागदावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, माणसांच्या जागी काडीची माणसं काढायची आणि फुग्यांत संवाद लिहायचे. घर बांधायच्या आधी नकाशा असतो, तसा हा. नकाशातली भिंत सरकवायला खोडरबर पुरतो, बांधलेली भिंत पाडायला घण लागतो. म्हणून सगळी घासाघीस नेमच्या टप्प्यावर होते. प्रत्येक मांगाकाराला एक संपादक नेमून दिलेला असतो. नेम त्याच्या पसंतीला उतरला तर पुढे जायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. या मांगांमध्ये संपादक समोर बसून कागद उलटतोय आणि मांगाकार त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसलाय, असं दृश्य हटकून येतं. एखाद्या मारामारीपेक्षा ते जास्त ताणलेलं असतं, कारण त्या पाच मिनिटांत आठवड्यातले दोन-तीन दिवस वाचतात किंवा वाया जातात.

एका पानावर काय काय घडतं

व्यावसायिक पान बी-४ आकाराच्या जाडसर, गुळगुळीत कागदावर काढतात. आतली मुख्य चौकट २७० मिलिमीटर उंच आणि १८० मिलिमीटर रुंद. छपाईत हे पान आकसून बी-५ आकारावर येतं, म्हणजे लांबी-रुंदी साधारण ८३ टक्के राहते. आकसल्यामुळे रेघा नेटक्या दिसतात, पण फार नाजूक रेघ असेल तर ती छपाईत तुटते.

पेन्सिलीचं रेखाटन झालं की शाई. जी-पेन म्हणजे सरळ आपला टाकच. निबाची चीर दाबाप्रमाणे उघडते. हलका हात ठेवला तर रेघ केसाएवढी, दाबलं की जाड. चेहऱ्याची कड, कपड्यांच्या चुण्या यासाठी हे निब, तर पापण्यांसारख्या नाजूक कामासाठी त्याहून बारीक ‘मारू-पेन’. निब झिजलं की बारीक रेघ उठेनाशी होते, मग ते टाकून नवं बसवायचं. पट्टीने रेघ मारताना वेगळीच पंचाईत. पट्टीची पातळ कड कागदाला टेकली की शाई तिच्याखाली ओढली जाते आणि डाग पडतो. म्हणून पट्टी उलटी धरतात, म्हणजे कड कागदापासून किंचित वर राहते. गोलांच्या साच्याला खालून एक येनची नाणी चिकटवतात तीही यासाठीच. शाई पूर्ण वाळायच्या आत खोडरबर फिरवला तर पान फरफटतं आणि दोन तास पाण्यात जातात.

जिथे ठार काळं भरायचं तिथे मांगाकार पेन्सिलीने फुली मारून ठेवतो, साहाय्यक ते भरतो. चुका पांढऱ्या रंगाने झाकतात. मग येतो टोन.

टोन म्हणजे बारीक ठिपक्यांचा पारदर्शक, मागे गोंद असलेला कागद. काळ्या शाईत करडा रंग छापता येत नाही. ठिपके जवळजवळ आले की डोळ्यांना करडं दिसतं, इतकाच हा खेळ. शाळेच्या गणवेशावर टोन लावायचा असेल तर आधी हवा त्यापेक्षा मोठा तुकडा पानावर हलकेच ठेवायचा. गणवेशाच्या रेघेवरून कटर फिरवायचा, असा की वरची फिल्म कापली जाईल पण खालचा कागद नाही. जास्तीचा भाग सोलून काढायचा, वर एक कागद धरून चपट्या पट्टीने घासायचं. खाली खोडरबराचा एक कण राहिला तरी तो छपाईत काळा ठिपका होऊन उमटतो. कटर खोल गेला तर कापलेली रेघ छापली जाते. आणि टोनवर टोन चढवताना ठिपक्यांच्या ओळी जुळल्या नाहीत तर नको असलेली जाळी तयार होते. ढगांची कड मऊ दाखवायची असेल तर कटरच्या टोकाने ठिपके खरवडायचे. या मांगांमध्ये पहाटे चार वाजता साहाय्यकाच्या कोपराला टोनचा तुकडा चिकटलेला दिसतो, तो गमतीपुरता घातलेला नाही.

अर्ध्या तासाला एक चौकट

आता साधा हिशेब करू. मोठ्या साप्ताहिकात एका भागाची १९ पानं असतात. नेम आणि संपादकाशी चर्चा यात तीन दिवस गेले असं धरू. उरले चार. दिवसाला पंधरा तास बसलं तर ६० तास होतात. ६० भागिले १९, म्हणजे पानाला तीन तासांहून थोडं जास्त. पानावर सरासरी सहा चौकटी धरल्या तर एका चौकटीच्या वाट्याला अर्धा तास येतो. रेखाटन, शाई, खोडणं, काळं भरणं, टोन, पार्श्वभूमी सगळं त्या अर्ध्या तासात. जेवण, झोप आणि ताप यांच्यासाठी वेगळी जागा नाही.

आपल्याकडे दिवाळी अंकाच्या आधी संपादक, लेखक, चित्रकार यांची जी धांदल उडते ती सगळ्यांनी पाहिली आहे. ती वर्षातून एकदा असते आणि अंक बाजारात गेला की सगळे हुश्श करतात. इथे पान छपाईला गेलं त्याच दिवशी पुढच्या भागाचा नेम सुरू होतो.

म्हणून साहाय्यक लागतात. मांगाकार पात्रांचे चेहरे काढतो आणि पार्श्वभूमी, इमारती, गर्दी, टोन हे साहाय्यक करतात. पण साहाय्यक वाढवले की काम त्या प्रमाणात वाटून जातं असं नाही. मुख्य पात्राचा चेहरा दुसऱ्याने काढला तर वाचकाला लगेच कळतं. आणि मांगाकार जोवर शाई करून पान पुढे देत नाही, तोवर साहाय्यकाला काम नसतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी कितीही असले तरी कढईशी आचारी एकच असतो, तशातली गत.

पैशाचं गणित

साहाय्यकांचा पगार प्रकाशक देत नाही. मांगाकार स्वतःच्या खिशातून देतो. बांधकामावर मुकादम कामाची रक्कम ठरवून घेतो आणि गवंडी-बिगारी यांची मजुरी त्यातूनच भागवतो, तसं. परंपरेने चालत आलेली रीत हीच आहे, आणि या मांगांमधल्या निम्म्या चिंता इथूनच उगवतात.

आकडे फक्त समजण्यासाठी धरू. पानाला १२,००० येन मिळाले तर १९ पानांचे २,२८,००० येन, चार आठवड्यांचे ९,१२,०००. तीन साहाय्यकांना प्रत्येकी दोन लाख दिले की सहा लाख गेले. कामाच्या खोलीचं भाडं एक लाख, साहित्य आणि सगळ्यांचं जेवण आणखी लाखभर. उरले १,१२,०००. त्यातून कर, स्वतःचं घरभाडं आणि औषधपाणी.

म्हणजे साप्ताहिकातून पोट जेमतेम भरतं. खरी कमाई नंतरच्या पुस्तकातून होते. पुस्तकाच्या किमतीवर साधारण १० टक्के मानधन असतं. ५०० येनच्या पुस्तकामागे ५० येन, ५०,००० प्रती गेल्या तर २५ लाख येन. एका पुस्तकात साधारण नऊ भाग मावतात. आता बघा, मालिका दहा-बारा भागांत बंद झाली तर जेमतेम एक-दोन पुस्तकं निघतात. खोली घेतलेली, माणसं ठेवलेली, आणि ज्या पुस्तकांच्या भरवशावर हे केलं त्यांतली बहुतेक निघणारच नाहीत. मालिका बंद झाल्यावर मांगाकार रिकाम्या टेबलांकडे बघत उभा आहे, असं चित्र आलं की तिथे घाईने पान उलटू नका. त्या क्षणी त्याने साहाय्यकांनाही कामावरून कमी केलेलं असतं.

पोस्टकार्डं आणि गिझरचा नळ

मालिका बंद कोण करतं? ‘शोनेन जंप’ हे साप्ताहिक १९६८ मध्ये सुरू झालं आणि १९९४ च्या अखेरीस त्याचा खप ६५ लाखांच्या वर गेला. अंकासोबत पोस्टकार्ड यायचं. आवडलेल्या तीन मालिका लिहून पाठवायच्या. कोण वर, कोण खाली हे बऱ्याच अंशी त्यावर ठरायचं. टीआरपी घसरला की वाहिनीवरची मालिका महिनाभरात गुंडाळतात, हे मराठी प्रेक्षकाला वेगळं सांगायला नको.

खरी मेख मात्र उशिराची आहे. जुन्या इमारतीत गिझर लांब असला तर नळ फिरवल्यावर गरम पाणी यायला वेळ लागतो. थंड वाटतं म्हणून आपण आणखी फिरवतो आणि मग अंग भाजतं. इथेही पहिला भाग छापून वाचकांचा कौल येईपर्यंत पुढचे काही भाग काढून झालेले असतात. कौल वाईट आला म्हणून मांगाकार कथेला जोरात वळण देतो, ते वळण वाचकांसमोर येतं काही आठवड्यांनी, तोवर नावडलेले भाग छापून कौल आणखी घसरलेला असतो. चांगल्या मालिकेत मध्येच स्पर्धा, नवा खलनायक, अनपेक्षित मृत्यू का घुसडले जातात, याचं एक कारण हे आहे. हा सगळा प्रकार पानोपान उलगडून दाखवणारी मांगा म्हणजे ‘बाकुमान’. त्सुगुमी ओबा यांचं लेखन, ताकेशी ओबाता यांची चित्रं, २००८ ते २०१२, एकूण २० पुस्तकं. दोन शाळकरी मुलं, मोरिताका माशिरो आणि अकितो ताकागी, मिळून मांगा काढायचं ठरवतात. पहिला कौल वर, तिसरा खाली, आता काय बदलायचं, याच्या चर्चा त्यात इतक्या तपशिलात आहेत की अर्धं पुस्तक बैठकांतच जातं, आणि तरी हातातून सुटत नाही.

ही परंपरा सुरू झाली एका खोलीतून

तोक्योच्या तोशिमा भागात १९५२ मध्ये ‘तोकिवा-सो’ नावाची दुमजली लाकडी इमारत उभी राहिली. साडेचार ताटामीच्या (ताटामी म्हणजे जमिनीवरच्या जपानी चटया, खोली त्यांच्या संख्येने मोजतात) खोल्या, म्हणजे साधारण ८० चौरस फूट. स्वयंपाकघर आणि संडास सामायिक. गिरगाव-लालबागच्या चाळीत वाढलेल्याला हे चित्र परकं वाटणार नाही. गाजलेले मांगाकार ओसामु तेझुका १९५३ मध्ये इथे राहायला आले. ते गेल्यावर त्यांची खोली ताकाओका शहराहून आलेल्या दोन मित्रांनी घेतली. मोतोओ आबिको आणि हिरोशी फुजिमोतो, म्हणजे पुढे ‘दोराएमॉन’ ज्यांच्या जोडनावाने आला ते फुजिको फुजियो. तेझुकांनी खोलीची ३०,००० येन अनामत रक्कम आणि आपलं टेबल त्यांच्यासाठी तसंच ठेवलं. शोतारो इशिनोमोरी, फुजियो आकात्सुका हे मांगाकारही तिथेच राहिले.

आबिकोंनी १९७० मध्ये या दिवसांवर ‘मांगा मिची’ सुरू केली. नावाचा अर्थ ‘मांगाचा मार्ग’. त्यातला सगळ्यात चटका लावणारा प्रसंग खरा घडलेला आहे. १९५५ च्या नववर्षाला दोघं घरी गेले, खूप कामं अंगावर घेतलेली असताना. गावात हात चालेना. तारांवर तारा येऊ लागल्या, आणि शेवटी ‘आता पानं पाठवायची गरज नाही’ अशीही तार आली. कामं बंद झाली आणि पत पुन्हा मिळवायला त्यांना बराच काळ लागला. एवढ्या नामवंत माणसाने आपली ही नाचक्की स्वतः रेखाटली, म्हणून मला ही मांगा या सगळ्यांत प्रामाणिक वाटते.

इमारत १९८२ मध्ये पाडली. २०२० मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती संग्रहालय म्हणून उघडली.

‘पण हा साप्ताहिकाचाच प्रचार झाला ना?’

शंका रास्त आहे. ‘बाकुमान’ ज्या साप्ताहिकाबद्दल आहे त्याच ‘शोनेन जंप’मध्ये छापली गेली, आणि तिच्यातले संपादक तिथल्या खऱ्या माणसांवर बेतलेले आहेत. कौल, बैठका, मालिका बंद करणं हे ती मोकळेपणाने दाखवते. पण माशिरो यकृताच्या आजाराने इस्पितळात पडतो आणि तिथेही काढत राहतो, तेव्हा कथा त्याच्या जिद्दीच्या बाजूने झुकते. मुख्य संपादक मालिका थांबवतात तर सोबतचे मांगाकार निषेध म्हणून स्वतःची कामं थांबवतात. वाचताना आपणही त्यांच्याच बाजूने ओरडतो, आणि नंतर लक्षात येतं की त्या मुलाला विश्रांती द्यायला हवी होती. माशिरोचे काका मांगाकार होते आणि अतिश्रमाने गेले, हे याच कथेने सुरुवातीला सांगितलेलं असतं.

तोल साधायचा असेल तर हिदेओ आझुमा वाचावेत. १९८९ मध्ये हे नावाजलेले मांगाकार काम अर्धवट टाकून घरातून निघून गेले, रानात राहिले, कचऱ्यातलं खाल्लं. १९९२ मध्ये पुन्हा गेले आणि गॅसच्या नळजोडणीची कामं करू लागले. पुढे दारूच्या व्यसनापायी इस्पितळ. २००५ मध्ये त्यांनी हे सगळं ‘शिस्सो निक्की’त मांडलं, इंग्रजीत ती ‘डिसअपिअरन्स डायरी’ नावाने आहे. पुढच्याच वर्षी तिला तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कार मिळाला. चित्रं गोल, गोंडस आहेत. वास्तवाची धार जाणूनबुजून काढली आहे असं ते सुरुवातीलाच सांगतात. मांगापासून पळालेला हा माणूस नळजोडणी करताना गॅस कंपनीच्या अंतर्गत अंकाला व्यंगचित्रं पाठवत होता, हे वाचून गलबलून येतं.

योशिहिरो तात्सुमी यांची ‘अ ड्रिफ्टिंग लाइफ’ आणखी वेगळी. ८०० हून अधिक पानांत १९४५ ते १९६० चा ओसाका येतो, जिथे पुस्तकं विकत नव्हे तर भाड्याने वाचली जायची, आपल्याकडच्या फिरत्या वाचनालयांसारखी. पैसा कमी आणि संपादकाचा धाक त्याहून कमी. मोठ्यांसाठीची गंभीर मांगा तिथे वाढली.

‘आता तर सगळं संगणकावर होतं’

बरंचसं, हो. २०१२ पासून मिळणाऱ्या ‘क्लिप स्टुडिओ पेंट’सारख्या साधनांनी टोन, कटर, खोडरबराचे कण हे सगळं पुसून टाकलं. साहाय्यक दुसऱ्या गावातून काम करू शकतो. पण वाचलेला वेळ सुट्टीत गेला नाही, चित्रांच्या बारकाव्यात गेला. पार्श्वभूमी अधिक भरगच्च झाली आणि वाचकाला त्याची सवय लागली. ठिपक्यांची भानगडही संपली नाही. पान पडद्यासाठी लहान केलं की चुकीच्या मापाच्या ठिपक्यांची जाळी आजही उमटते. आणि पोस्टकार्डाऐवजी किती जणांनी वाचलं याचा आकडा आता काही तासांत येतो. गिझर जवळ आला, पण पाण्याखाली उभा तोच माणूस आहे.

सुट्टीबाबत मात्र फरक पडतोय. ‘वन पीस’ १९९७ पासून चालू आहे आणि आता साधारण तीन भागांनंतर एक आठवडा थांबते. तोगाशींची ‘हंटर हंटर’ २०२२ अखेरीपासून दर आठवड्याच्या बंधनातून बाहेर काढली गेली. वाचकांनी ‘आळशी’ म्हणून शिव्या घालणं तेवढं थांबवावं.

‘चित्र काढणारा माणूस बघण्यात काय मजा?’

तात्सुकी फुजिमोतो यांच्या २०२१ च्या ‘लुक बॅक’मध्ये एक मुलगी पाठमोरी बसून काढते आहे, खिडकीबाहेर ऋतू बदलतात, टेबलाशेजारी वह्या वाढत जातात. शब्द जवळजवळ नाहीत. ही मुलगी, फुजिनो, माणसं काढते, तिची मैत्रीण क्योमोतो पार्श्वभूमी. मांगाकार आणि साहाय्यक यांच्यातली जी विभागणी वर पाहिली, तीच इथे मैत्री होते आणि तीच तुटते. साहाय्यक म्हणजे काय हे माहीत असलेल्याला ही कथा दुप्पट लागते. २०२४ मध्ये तिच्यावर ५८ मिनिटांचा सुंदर चित्रपट आला.

अकिको हिगाशिमुरा यांची ‘ब्लँक कॅन्व्हास’ पाच पुस्तकांची. मियाझाकीतले चित्रकलेचे शिक्षक हातात बांबूची तलवार घेऊन एकच शब्द ओरडतात: ‘काढ!’ शिष्या दिवसा नोकरी करते, रात्री मांगा काढते, गुरूला टाळते. गुरू आजारी पडल्यावर काय होतं ते सांगत नाही.

सुरुवात कुठून करावी

वेळ कमी असेल तर ‘लुक बॅक’, एका बैठकीत होते. धंद्याची यंत्रणा कळावी असं वाटत असेल तर ‘बाकुमान’चं पहिलं पुस्तक इंग्रजीत मिळतं. त्यात भागांच्या मधे नेमची पानं छापली आहेत, आधी ओबांचा नेम, मग ओबातांचा. ओबांच्या नेमात डोक्याच्या जागी एक गोळा आणि अंगाच्या जागी दोन-चार रेघा दिसतील. ओबातांच्या नेमात तोच गोळा मान वळवतो. मग तीच चौकट त्या भागाच्या छापील पानावर शोधा. केसांच्या रेघा कुठे जाड होतात, टोन कॉलरपाशी कुठे थांबतो, मागची खिडकी किती बारकाईने काढली आहे ते बघा. अशा शंभरावर चौकटी त्या एका आठवड्यात काढायच्या होत्या.